कात्री कुलपात ठेवणारे सर

आमच्या शेडमध्ये कात्री कुलपात असायची. परदेशातून आणलेले सेन्सर उघड्या रॅकवर, आणि स्टेशनरीच्या दुकानातली साधी कात्री लोखंडी कपाटात. किल्ली माझ्याकडे. ज्याला हवी त्याने आधी कारण सांगायचं, मग वापरायची आणि लगेच परत करायची. कुरिअरचं खोकं उघडायचंय, हे कारण चालत नसे. "खोक्याला चिकटपट्टी असते, चिकटपट्टीला टोक असतं. टोक शोधा," हा सरांचा हुकूम. त्यामुळे चांगल्या कॉलेजातून आलेले इंजिनिअर पहिल्या आठवड्यात खोक्यासमोर उकिडवे बसून नखाने टोक शोधताना दिसत.

आता त्या शेडमध्ये मोटारींची कव्हरं रंगवतात. परवा गेले होते. टेबलावर तीन कात्र्या पडलेल्या होत्या, एक तर चहाच्या पेल्यात उभी. मी सवयीने तिन्ही उचलल्या आणि ठेवायला कपाट शोधू लागले.

सरांचं दुसरं वैर गाठीशी. "गाठ म्हणजे आळस आणि कात्री म्हणजे घाई," असं ते म्हणत. आणि ते नुसतं म्हणून थांबत नसत. पायात कायम वेल्क्रोचे सँडल, पायजम्याला इलॅस्टिक. दिल्लीच्या एका बैठकीला मालकांनी टायचा आग्रह धरला, तेव्हा शाळेच्या पोरांचा हुकवाला टाय लावून गेले. बैठकीतल्या लोकांना ती साधी राहणी वाटली. त्यांची बहीण दरवर्षी येवल्याहून राखी बांधायला यायची, ती राखीला टिचबटण शिवून आणायची. आमचा फिटर पुंडलिक एकदा न राहवून म्हणाला, "सर, लग्नात तरी उपरण्याची गाठ मारली व्हती का नाय?"

"मारली होती. भटजींनी."

"मग?"

"सोडवायला बराच वेळ लागला. पण कापली नाही."

मी त्या कंपनीत खरेदी आणि नियोजन बघायचे, म्हणजे याद्या करायचे. सर मला यादीबाई म्हणत. कंपनी सातपूरची, पंपांच्या मोटारींचे भाग बनवणारी. पुढच्या शेडमध्ये लेथ आणि प्रेस, मागची शेड सरांची. तिथे आम्ही अंतराळात सोडायची पट्टी तयार करत होतो. हे वाक्य मी तेव्हा एका दमात सांगायचे, कारण मध्ये थांबलं की समोरचा हसायचा.

पट्टी ॲल्युमिनिअमची. बोटभर रुंद, केसाहून पातळ आणि एक किलोमीटर लांब. ती स्पूलवर गुंडाळून मिक्सरच्या खोक्याएवढ्या उपग्रहात बसवायची. रॉकेटमधून उपग्रह सुटला की त्याचं एक छोटं झाकण उघडणार, पट्टीच्या टोकाला बांधलेलं वजन (सर म्हणत, 'बसवलेलं') बाहेर पडणार आणि त्याच्यामागून पट्टी उलगडत जाणार. पृथ्वी म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. त्याच्याभोवती इतक्या वेगाने पट्टी फिरली की तिच्यात वीज येते, आणि वीज वाहणाऱ्या पट्टीला तेच चुंबक ढकलतं. इंधन नको, टाकी नको. पुढेमागे अशा पट्ट्या यानांना वर ढकलतील. आमचा पहिला प्रयोग मात्र उलट्या दिशेचा होता. उपग्रहाला मागे ओढायचं, हळूहळू खाली आणायचं आणि वातावरणात जाळून टाकायचं. वर निकामी उपग्रहांचा कचरा साचला आहे, तो उतरवायचा हा स्वस्त उपाय.

पुंडलिक दिंडोरीचा. आमच्याकडे येण्याआधी द्राक्षबागांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. त्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी मोटारच की सर."

"मोटारच. फक्त शाफ्ट नाही, बेअरिंग नाही आणि लोहचुंबक फुकट."

मालकांना इतकं लवकर कळलं नाही. "एवढं सगळं करून शेवटी जळूनच जाणार?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"जळलं तर यशस्वी," सर म्हणाले.

"आणि नाही जळलं तर?"

"वरच फिरत राहील. बरीच वर्षं."

मालकांनी मान डोलावली. मालक मान डोलावतात तेव्हा ऐकत नसतात, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं लक्ष लेटरहेडवर 'अंतराळ' हा शब्द कुठे बसवायचा याकडे होतं. तो शेवटी 'पंप' या शब्दाच्या वर बसला.

पुढच्या शेडमधले लोक सरांना मागून दोरीसर म्हणत. सरांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी कोणालाही रागावलं नाही. पुढच्या शेडमध्ये जाऊन प्रत्येक मशीनपाशी उभं राहून सांगून आले, "दोरी नाही, पट्टी आहे." त्या दिवसापासून पुढच्या शेडचा एकही माणूस त्यांना दोरीसर सोडून दुसऱ्या नावाने ओळखेना.

त्यांच्या केबिनच्या भिंतीवर आसारी टांगलेली होती. येवल्यात संक्रांतीला पतंगाचा धागा ज्या लाकडी चाकावर गुंडाळतात, ती. बघणाऱ्याला वाटे, शोभेची आहे. सर तिच्यावर नोकरीच्या मुलाखती घेत. उमेदवाराच्या हातात आसारी आणि धाग्याचं भेंडोळं द्यायचे आणि म्हणायचे, "गुंडाळून दाखवा. मग मी एका दमात ओढणार. अडकला तर तुम्ही घरी." एक उमेदवार म्हणाला, "सर, हे आजकाल सॉफ्टवेअरने होतं." सर म्हणाले, "मग सॉफ्टवेअरला पाठवून द्या."

बैठकीत कोणी 'बहुतेक' म्हटलं की सर उठून पाणी प्यायला जात. रागाने नाही, शांतपणे. पाणी पिऊन परत येत, बसत आणि विचारत, "हं, आता सांगा." मालकांबरोबरच्या बैठकींत सर इतकं पाणी प्यायचे की मी त्यांचा माठ केबिनच्या दाराशीच हलवून घेतला.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण सरांकडे एकच संधी होती. ही कल्पना घेऊन ते आधी बऱ्याच ठिकाणी फिरले होते, बऱ्याच ठिकाणी त्यांना चहा मिळाला होता. निवृत्तीचं वय उलटून गेल्यावर ते आमच्याकडे वर्षावर्षाच्या करारावर आले, आणि एका रॉकेटवर आम्हाला कोपरा मिळाला. मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, "सर, एक प्रयोग. नंतर मागची शेड कव्हरांना." सरांनी त्यालाही हो म्हटलं होतं.

पट्टी स्पूलवरून न अडकता सुटते की नाही हे बघायला लांब, बंद आणि वारा नसलेली जागा लागते. शेड पुरेना. मी गंगापूर रोडची मंगल कार्यालयं पालथी घातली आणि एक लांबच लांब हॉल शोधला. एका टोकाला वरपक्षाची खोली, दुसऱ्या टोकाला वधूपक्षाची. मॅनेजरने वही उघडली.

"मुलाकडचे की मुलीकडचे?"

"कंपनी."

"अच्छा. पानं किती?"

"सहा जण."

"सहा पानांचं कार्य आमच्याकडे होत नाही, मॅडम."

बऱ्याच घासाघिशीनंतर त्याने आम्हाला 'छोटा कार्यक्रम' या पॅकेजमध्ये बसवलं. त्यात दारात रांगोळी, टेबलाला सॅटिनचं कापड, स्वागताला गुलाबपाणी आणि उद्घाटनाचं ताट असे. मी नको त्या गोष्टींवर काट मारली. तो म्हणाला, "काट मारा, मॅडम, पण येणारच. पॅकेज आहे." आणि खरंच, पहिल्या चाचणीला डोक्यावर टोप्या, हातात मोजे घातलेले आमचे इंजिनिअर हॉलमध्ये शिरले तेव्हा दारातल्या मुलीने त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. सरांनी ते बंद करवलं, पट्टीवर डाग पडतात म्हणून. उद्घाटनाच्या ताटाचा प्रश्न आला नाही, कारण आमच्याकडे उद्घाटक नव्हता. आमच्या अंतराळ मोहिमेचं वेळापत्रक तेव्हापासून पंचांगावर ठरू लागलं, फक्त उलट्या बाजूने. लग्नाचा मुहूर्त नसेल, तो दिवस आमचा.

उपग्रह रवाना करण्याआधीचं शेवटचं काम सगळ्यात नाजूक होतं. खरी पट्टी, उड्डाणाची, एका स्पूलवरून दुसऱ्या स्पूलवर पूर्ण उतरवून घ्यायची आणि मधल्या मध्ये भिंगाखाली तपासायची. वरपक्षाच्या खोलीत एक स्पूल आणि सर, वधूपक्षाच्या खोलीत दुसरं स्पूल आणि पुंडलिक. मधली पट्टी हॉलभर ताणलेली, कमरेच्या उंचीवर, मुख्य दाराच्या अगदी आतून जाणारी. चंदेरी. सुंदरच दिसायची.

मालक म्हणाले, "हॉल घेतलाच आहे, तर उपग्रहाचा निरोप समारंभ त्याच दिवशी उरकू. भाऊंना बोलावतो."

भाऊ म्हणजे ज्यांना नाशकात सगळेच भाऊ म्हणतात असे एक गृहस्थ. पद सांगत नाही, ते बदलत असतं. सर म्हणाले, "शेठ, त्या दिवशी नको. पट्टी उघडी असेल."

"अहो सर, कार्यक्रम अकराचा आहे. म्हणजे भाऊ एक वाजता येणार. तोवर तुमचं आटपतंय ना?"

आटपत होतं. खात्री म्हणून मी भाऊंच्या पीएला फोन केला. तोही म्हणाला, "अकरा म्हणजे एकच धरा, मॅडम." सरांनी नाइलाजाने मान्य केलं. या शहरात इतर कशावरही वाद होऊ शकतो, पण पाहुणे उशिरा येणार यावर कोणाचं दुमत नाही. त्या एका गोष्टीवर आमची सगळी मोहीम उभी होती.

आणि भाऊ वेळेवर आले.

त्यांचा आधीचा कार्यक्रम रद्द झाला होता, हे नंतर कळलं. पट्टी बरोबर निम्मी उतरली होती. मालक शाल आणि नारळ आणायला मेन रोडला गेले होते. मी वधूपक्षाच्या खोलीत पुंडलिकशेजारी उभी होते. त्याने खिडकीतून बघितलं.

"मॅडम, पाव्हणे आले."

"कोणाचे?"

"आपलेच! भाऊ!"

"काहीतरीच काय? ते एक वाजता येणार आहेत."

"मग ह्ये कोन हाय?"

मी हॉलमध्ये धावले. दारात भाऊ, भाऊंचे कार्यकर्ते, फोटोग्राफर. स्वागताला यजमान नाही. अशा वेळी काय करायचं हे मॅनेजरला पाठ होतं. त्याने चुटकी वाजवली आणि पॅकेज सुरू झालं. ती मुलगी ताट घेऊन पुढे आली. ताटात हळदकुंकू, फुलं आणि कात्री. भाऊंच्या समोर, कमरेच्या उंचीवर, एक लखलखीत पट्टी आडवी ताणलेली होती. भाऊंनी कात्री उचलली आणि फोटोसाठी थांबले.

"थांबा! कापू नका!" मी ओरडले.

एक कार्यकर्ता मला म्हणाला, "ताई, घाई नका करू, भाऊंना आज वेळ आहे."

वरपक्षाच्या खोलीतून सर बाहेर आले. इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "अहो, ती फीत नाही!"

भाऊ हसले. समजूतदार माणसासारखे. "सर, फीत लाल रेशमाचीच पाहिजे असं आपलं काही नाही. आपण साधी माणसं. ही पण चालते."

आणि कापली.

टाळ्या झाल्या. ताण सुटलेली दोन्ही टोकं सळसळत जमिनीवरून मागे गेली, एक वराकडे, एक वधूकडे. सर चालत आले, वराकडचं टोक उचललं आणि खिशातलं भिंग काढून बघितलं. टाळ्या हळूहळू थांबल्या. सर मॅनेजरला म्हणाले, "कात्री बोथट आहे. कड चुरगळली." मग वळले आणि पाणी प्यायला गेले.

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. मालक शाल घेऊन पोहोचले, त्यांना दारातच सगळं कळलं, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "भाऊंना कोणी काही सांगू नका." भाऊंनी भाषणात आकाशाची दारं उघडल्याचं जाहीर केलं. सरांना शाल, नारळ आणि हार मिळाला. हाराचा दोरा मागे गाठ मारून बांधलेला होता. तो त्यांनी स्टेजवर बसल्या बसल्या, भाषण चालू असताना, सोडवला.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बैठक. मालक, सर, पुंडलिक आणि मी. नवी पट्टी मागवायला वेळ नव्हता, रॉकेट काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं.

"जोडून टाका," मालक म्हणाले. "सातपूरमध्ये वेल्डरचा दुष्काळ आहे का? ब्रोशरमध्ये एक किलोमीटर छापलंय."

सरांनी सरावाच्या पट्टीवर जोड करून बघायचं कबूल केलं. पुंडलिकने तो असा केला की नख फिरवलं तरी लागत नव्हता. आम्ही आठवडाभर त्या पट्टीची चाचणी घेतली. पट्टी स्पूलवरून सुटते ती एका अरुंद फटीतून, आणि जोड त्या फटीतून जायचा, जायचा, जायचा आणि एखाद्या वेळी धरायचा. मालकांनी पुंडलिकलाच बोलावून विचारलं.

"खोटं कशाला बोलू, शेठ. सोडतोय. कवातरी धरतोय."

"म्हणजे बहुतेक वेळा जातो!"

सर उठले.

"बसा हो सर!" मालक ओरडले. पण सर पाणी पिऊन आले, बसले आणि म्हणाले, "शेठ, बहुतेक वेळा थांबणाऱ्या लिफ्टमध्ये तुम्ही चढाल?"

"मग काय करायचं?"

"अर्धी पाठवू. जोड नसलेली."

मी विचारलं, "सर, अर्ध्या पट्टीने फरक दिसेल?" कारण मला एवढं कळलं होतं की लांबी निम्मी झाली की ढकल निम्म्याहूनही खूप कमी होते. वीज चालू असताना उपग्रह किती उतरतो आणि बंद असताना किती, यातला फरक मोजता आला पाहिजे. नाहीतर जन्मभराच्या प्रयोगातून काहीच हाती लागणार नव्हतं.

'होईल' हा शब्द सर वापरत नसत. 'बहुतेक' तर नाहीच. ते म्हणाले, "माहीत नाही. जोडलेली अडकली तर काहीच कळणार नाही. अर्धी सुटली तर काहीतरी कळेल."

मालक म्हणाले, "ठीक आहे, अर्धी न्या. पण कागदावर किलोमीटरच राहू द्या. वर कोण मोजायला जातंय?"

"मी," सर म्हणाले.

इथे गाडी अडली. मालक सही करेनात. सर अर्धी लांबी लिहिल्याशिवाय खोकं बंद करेनात. रॉकेटवाल्यांचा निरोप आला की लांबी कमी झाली तरी हरकत नाही, पण उपग्रहाचं वजन आधी कळवलंय तेवढंच पाहिजे. कमी झालेल्या पट्टीच्या जागी धातूचा तुकडा घाला. मी तो निरोप वाचून दाखवला. सरांनी तो दोनदा वाचायला लावला. मग मालकांना म्हणाले, "शेठ, हा तुकडा कोराच जाणार. त्यावर काही कोरायचं असेल तर सांगा."

मालक सावरून बसले. "काय कोरता येतं?"

"काहीही. नाव, मजकूर."

"भाऊंचं नाव? शुभहस्ते वगैरे?"

"बसेल. टोकाच्या वजनालाच तुकडा लावू. झाकण उघडलं की सगळ्यात आधी तोच बाहेर पडेल."

"सगळ्यात आधी?"

"सगळ्यांच्या पुढे."

मालकांनी तिथल्या तिथे सही केली, आणि खाली बारीक अक्षरांत स्वतःचंही नाव कोरायला सांगून गेले. ते गेल्यावर मी म्हणाले, "सर, पण ते सगळं जळणार ना?"

"प्रयोग यशस्वी झाला तर."

"मालकांना सांगितलंत?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही होतात की."

उड्डाण आम्ही शेडमध्ये मोबाइलवर पाहिलं. ते काही आमचं काम नव्हतं, आमचं काम नंतर होतं. उपग्रह सुटल्यावर झाकण उघडायचा संदेश गेला, आणि आम्ही सगळे स्पूलच्या फेऱ्या मोजणाऱ्या आकड्याकडे बघत बसलो. आकडा वाढत गेला, मध्ये रेंगाळला (पुंडलिकने माझा हात धरला, मग लाजून सोडला), पुन्हा वाढला आणि शेवटच्या फेरीवर थांबला. पट्टी पूर्ण सुटली होती. सरांनी टाळी वाजवली नाही. "पुंडलिक," ते म्हणाले, "ढील चांगली दिलीस."

सातपूरच्या चौकात दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. भाऊंचे नाव अंतराळात. त्यावर भाऊ हेल्मेट घालून हसत होते. उपग्रह कोपऱ्यात होता.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. एक आठवडा पट्टीतली वीज चालू, एक आठवडा बंद. सर रोजचे आकडे भिंतीवरच्या आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने मांडत. चालूचे ठिपके आणि बंदचे ठिपके एकमेकांत मिसळलेले. सरांचा डबा न उघडता घरी जायला लागला. मुलाखती थांबल्या. भिंतीवरची आसारी सरांनी काढून घेतली आणि दुपारभर तिच्यावर धागा गुंडाळत, परत सोडत बसायचे. कोणी त्यांच्यासमोर 'बहुतेक' म्हणेना, आणि ते पाणीही पिईनात. मला तो माठ भरलेला बघवत नसे.

मग एका सकाळी मी केबिनमध्ये गेले तर सरांनी ठिपक्यांना फूटपट्टी लावून दोन रेषा काढल्या होत्या. एक दुसरीपेक्षा किंचित जास्त उतरलेली. अगदी किंचित. सर त्या फटीकडे भिंग लावून बघत होते.

"दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय, सर."

"भिंगाशिवाय बघा."

"भिंगाशिवाय दिसतंय."

त्याच आठवड्यात भाऊंच्या पीएचा फोन आला. भाऊ विचारत होते, नाव वर किती वर्षं राहील? मी फोन सरांना दिला.

"प्रयोग फसला असता तर बरीच वर्षं," सर म्हणाले. "पण तो यशस्वी होतोय. लवकरच खाली येतील."

"कोण? भाऊ?"

"नाव."

अर्ध्या तासात मालक मागच्या शेडमध्ये हजर. धापा टाकत. "सर, हे जळणार आहे? मला कोणी सांगितलं का नाही?" मालकांनी खुर्ची ओढली, आवाज खाली आणला. "सर, पट्टीतली वीज इथून बंद करता येते ना?"

"येते."

"मग ठेवा ना बंद. तुमच्या रेषा आल्या, तुमचं काम झालं. आता थोडा फसू द्या प्रयोग."

"वीज बंद केली तरी कधीतरी येईलच खाली. उशिरा."

"उशिरा चालेल! निवडणूक होऊन जाऊ दे!"

पुंडलिक हातातलं काम सोडून बघत राहिला. मीही. फसू देणं हे अगदी सोपं काम होतं, एक संदेश पाठवायचा होता. सरांच्या कराराचा कागदही त्याच महिन्यात मालकांच्या टेबलावर पडला होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सरांनी आसारी खाली ठेवली.

"शेठ, जळलं म्हणजे काय होतं, सांगू? नाहीसं होत नाही. त्याची अगदी बारीक भुकटी होते आणि ती वाऱ्याबरोबर सगळ्या पृथ्वीभर पसरते. आज भाऊंचं नाव एका डब्यावर आहे. मग ते जगाच्या वातावरणात असेल."

मालक विचारात पडले. ओठ हलवून त्यांनी ते वाक्य एकदा म्हणून बघितलं.

"सगळ्या देशांत?"

"सगळ्या देशांवरून."

"अमेरिका?"

"ती पण."

"हे चांगलं आहे," मालक म्हणाले, आणि खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतलं. वीज चालू राहिली.

उपग्रह कुठल्याशा समुद्रावर जळाला. आम्हाला कळलं ते दुपारी, एका ओळीच्या निरोपाने. आता तो वर दिसत नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत चौकात नवा फ्लेक्स लागला. भाऊ आता जगाच्या वातावरणात! मालक फोन कानाला लावून, पेढ्यांचा खोका काखेत धरून मागच्या शेडमध्ये आले. फोनवर भाऊच असावेत, कारण मालक उभ्या उभ्या वाकत होते. त्यांनी खोका टेबलावर ठेवला. मिठाईवाल्याने त्याला पांढऱ्या सुताने चारी बाजूंनी आवळून वर तीनतीन गाठी मारल्या होत्या.

"कात्री आणा कोणीतरी," मालक म्हणाले आणि बोलत बोलत बाहेर गेले.

मी कमरेची किल्ली काढली. सरांनी हात पुढे केला.

"खोका द्या इकडे, बाई."

ते खुर्चीत बसले, भिंग बाजूला ठेवलं आणि नखाने पहिली गाठ सोडवायला लागले. सूत ओलसर होतं, गाठ घट्ट बसली होती. पुंडलिक आणि मी उभे होतो. पुढच्या शेडचे चारपाच जण पेढ्यांच्या वासाने आले होते, तेही उभे राहिले. एरवी त्यांच्यातल्या कोणीतरी काहीतरी टोमणा मारला असता. बाहेर मालकांचं "हो भाऊ, सगळ्या देशांत, भाऊ" चालू होतं.

तिसरी गाठ सुटली. सरांनी सूत काढलं, एक टोक धरून चिमटीतून शेवटपर्यंत ओढत नेलं, जसं ते पट्टीचं करायचे, आणि मग सावकाश आसारीवर गुंडाळलं.

"जोड नाही," ते म्हणाले.

मग आम्ही पेढे खाल्ले.